राखेनं घासलेली बाटली

मला पटकी झाली तेव्हा पूर्ण्याहून छकड्यातून डॉक्टर आला. त्यानं माझ्या सासूच्या हातात एक बाटली दिली. सुनेचे जुलाब हिच्यात भरून द्या, म्हणाला, रेल्वेनं हैदराबादेला पाठवतो. तिथं भिंगाखाली रोगाचे जंतू बघतात.

आत्याबाईंच्या, मी सासूला आत्याबाई म्हणायची, अंगावर काटाच आला. घरातल्या सुनेचं असलं काही आगगाडीत बसून निजामाच्या राजधानीत जायचं? शोभतं का! त्यांनी बाटली राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि आमच्या हिरीचं पाणी शेंदून गळ्यापर्यंत भरून दिलं. डॉक्टरनं उजेडात धरून पाहिली. पटकीत जुलाब पाण्यासारखेच होतात, त्यामुळं त्याला काही वावगं दिसलं नाही. मी खाटेवर अर्धमेली. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हीर म्हणजे आमच्या घराचा तोरा. ताडकळसच्या बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून पाणी प्यायला यायची. जुलाबात पाणी दिलं तर पोरगी हातची जाईल, असं सगळी आळी सांगत होती, पण आत्याबाई कुणाचं ऐकतात! घटकेघटकेला तांब्या माझ्या तोंडाला. "आमच्या हिरीच्या पाण्यानं कुणी मेलंय का आजवर?" म्हणायच्या. आणि मी, हट्टी बया, जगले.

महिन्याभरानं शिपाई हुकूम घेऊन आला. मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन दारात उभी.

"मरीज किधर हय?"

"मीच की."

"तू? मग उभी कशी?"

"सरकारचं म्हणणं असंल तर बसते," म्हटलं. लय राग आला होता मला.

हुकुमात लिहिलं होतं, बाटलीवाल्या मरीजात पटकीचे जिवंत जंतू सापडलेत. पंधरा दिवस गावाबाहेर खोपीत ठेवा, कुणी शिवू नका, कपडेलत्ते जाळा, अंगावरचं पोर वेगळं करा. माझं पोर सहा महिन्यांचं! मी ठणठणीत आहे म्हणून किती ओरडले, पण कागदापुढं माणसाचं कोण ऐकतंय? मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दुपारपर्यंत खोपसुद्धा उभी केली. पेरणीला कधी एवढी घाई केली नव्हती त्यांनी.

आत्याबाईंनी पोर घ्यायला हात पुढं केले. त्यानं माझा पदर मुठीत गच्च धरलेला, सोडंना. आत्याबाईंनी हात मागं घेतले.

"तिला कुठं न्यायलाव? ती बाटली हिरीची हाय. मीच भरली."

शिपाई मात्र सरकारी माणूस. हुकूम आला म्हणजे बजावलाच पाहिजे. त्यानं माझं नाव खोडून हिरीचं लिहिलं. "बाप का नाम?" विचारलं. मामंजींनी मुकाट्यानं स्वतःच्या बापाचं नाव सांगितलं. हीर त्या बापानंच खणली होती. मग हिरीभोवती बोराटीच्या काट्या पडल्या. तिचे कपडेलत्ते म्हणून पाणी शेंदायचा नाडा आणि पोहरा जाळला. खोप उचलून तिच्यापाशी नेली आणि मरीज पळून जाऊ नये म्हणून शिपाई तीत पहाऱ्याला बसला. पंधरा दिवस बसला होता बाबा!

डॉक्टर पुन्हा आला तो पोट धरून हसला. हिरीत औषध टाकून पाणी जांभळं केलं. मग मला म्हणाला, "पटकी तुला या पाण्यानंच झाली. पण पटकीत अंगातलं पाणी संपून माणूस मरतं. सासूनं पाजत ठेवलं म्हणून वाचलीस."

आत्याबाईंनी त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं. चुलीपाशी बसून रडायला लागल्या. "मीच पाजलं गं तुला इख, मीच." मला वाटलं, आता चार शब्द सुनावावेत, खोपीचे, त्या अर्धा दिवस गप्प बसल्या त्याचे. तोंडही उघडलं होतं. पण पोर रडायलं होतं.

"घ्या, धरा याला," म्हटलं, "मला भाकरी टाकायच्यात."

त्यांनी भीत भीत हात पुढं केले. या वेळी पोरानं माझा पदर आपणहून सोडला.