स्वस्त प्लेअरची सुई आणि दादाची ढोलकी

तपकीर गल्लीतल्या रेडिओ-स्पीकरच्या दुकानदारानं माझ्या हातातल्या कार्ट्रिजकडे नुसतं लांबून पाहिलं आणि सांगितलं, "आजोबा, हे खेळणं आहे. नवीन मशीन घ्या."

वस्तू हातात न घेता निकाल द्यायचा, हे मी खडकीच्या कारखान्यात उभ्या नोकरीत कुणाला करू दिलं नाही. लेथवर टर्नर होतो. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण लोखंड किती घासलं गेलंय हे मला बोट फिरवून कळतं, आणि या माणसाला डोळे असून कळत नव्हतं.

मशीन म्हणजे मुलानं दिलेला रेकॉर्ड प्लेअर. तो हिंजवडीला नोकरीला आहे. साधाच आहे बाबा, म्हणाला होता, आणि साधाच निघाला. पेटी उघडायची, रेकॉर्ड ठेवायची, वरून दांडा टेकवायचा. दांड्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी डबी असते, तेच कार्ट्रिज. तिच्या पोटाखाली सुई. सुई रेघेतून चालते, डबी तिची थरथर पकडते. यात कॉलेजात जाऊन शिकण्यासारखं काही नाही, पण त्या गल्लीत सगळे असे बोलतात, जणू आपण ऑपरेशनची चौकशी करायला आलोय.

माझ्याकडे रेकॉर्डी सात-आठ असतील. त्यातल्या एकीसाठी हा खटाटोप. माझा थोरला भाऊ लोणी काळभोरला राहतो. तरुणपणी तो एका तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा, आणि त्या फडाची एक रेकॉर्ड निघाली होती. कव्हरवर गाणाऱ्या बाईंचं नाव आहे, पेटीवाल्याचं आहे, ढोलकीवाल्याचं नाही. पण दुसऱ्या बाजूला एका लावणीत मध्येच सगळे थांबतात आणि नुसती ढोलकी बोलते. तो दादाचा हात. आता त्या हाताला लकवा झालाय, चहाचा पेलाही धरवत नाही. घरच्यांना तो सांगतो की मी रेकॉर्डवर आहे, आणि नातवंडं हसतात. ती रेकॉर्ड त्यानं स्वतः कित्येक वर्षांत ऐकलेली नव्हती. रविवारी तो तेवढ्यासाठी माझ्याकडे येणार होता.

आणि सुई नेमकी त्या तुकड्यातच उडी मारायची. दिवाळीत पहिल्यांदा मारली. मी दांड्याच्या टोकावर एक रुपया ठेवला. आमच्या तरुणपणी चहाच्या हॉटेलात सगळे असंच करायचे, आणि लेथवरही दाब दिल्याशिवाय काम होत नाही. उडी थांबली. मुलाला बोलावून दाखवलं की बघ, प्लेअर बनवणाऱ्या कंपनीला जमलं नाही ते. मग रोज ऐकत गेलो. चार-पाच महिन्यांत आवाज घोगरा झाला, म्हणून आता नवीन कार्ट्रिज घ्यायला निघालो होतो. मुलगा म्हणाला ऑनलाइन मागवा. न बघता काय मागवायचं?

मी हलत नाही म्हटल्यावर दुकानदारानं एक भारी डबी काढली. "काका, हे मॅग्नेटिक लावा. फरक कळेल." दोन मिनिटांत मी आजोबाचा काका झालो. गिऱ्हाईक पक्कं होत आलं की वय कमी होतं बहुतेक. मी विचारलं, माझ्या दांड्याला बसेल का? म्हणाला, सगळं बसतं.

दुकानाच्या कोपऱ्यात माझ्याच वयाचा एक मिस्त्री वायरींना सोल्डरिंगचा डाग लावत बसला होता. मान वर न करता त्यानं मालकाला सांगितलं की ही डबी यांच्या दांड्याला बसणार नाही. या मशीनला दांड्याचं वजन कमी-जास्त करायची सोय नाही, आणि मॅग्नेटिकचा आवाज इतका बारीक येईल की कान लावून ऐकावं लागेल. त्यानं माझ्या जुन्या डबीसारखीच डबी काढली, फक्त सुईला हिऱ्याचं टोक असलेली. हीच लावा, म्हणाला. मग पेपरात गुंडाळलेली रेकॉर्ड मागितली आणि भिंग लावलं.

"इथं पांढरं पडलंय. दांड्यावर काही ठेवता का?"

"रुपया."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं रेकॉर्ड परत गुंडाळून दिली. सुई नवी आली तरी रेघ नवी होत नाही, एवढंच म्हणाला.

बोथट हत्यार दाबून चालवलं की काम ओरबाडलं जातं. हे मी स्वतः शिकवायचो. असं करणाऱ्याला मी लेथवरून खाली उतरवलेलं आहे. घरी येईपर्यंत बसमध्ये मी सगळ्यांवर संतापलो. मुलावर, त्याच्या 'साधाच आहे'वर, प्लेअरबरोबर आलेल्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांच्या त्या पुस्तिकेवर. वजन ठेवू नका, एवढं मराठीत लिहायला काय झालं होतं? पण रुपया मी ठेवला होता, पुस्तिकेनं नाही.

चार बारीक वायरी चिमट्यानं जोडून कार्ट्रिज मीच बसवलं. रविवारी दादा आला. लावणी स्वच्छ लागली, बाईंचा आवाज तर समोर बसल्यासारखा. ढोलकी आली आणि तिच्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. थापा आत कुठेतरी होत्या. दादा डोळे मिटून बसला होता. मी सांगून टाकलं, की हे मी केलंय, रुपया ठेवून.

त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "बरं झालं. तिथं माझा हात चुकला हाय. जन्मभर लाज वाटायची."

मला त्याचाच जास्त राग आला. तो तुकडा मी शंभर वेळा ऐकलाय. एक थाप इकडची तिकडे नाही. मला माफी हवी होती, नाहीतर शिवी. असला खोटा दिलासा नको होता.

"दादा, तू चुकला नव्हतास."

"तू टर्नर. तुला ढोलकीतलं काय कळतंय?"

मी पुन्हा लावली. तो म्हणाला, ही बघ, इथं चुकली. मी म्हणालो, कुठं, दाखव. खरखरीत त्यालाही दाखवता येईना आणि मलाही नाही. सूनबाईनं दोनदा चहा गरम केला. दादा गेला तेव्हाही आम्ही भांडतच होतो.