गावकीबाहेर

मी वाडी सोडली त्या सकाळी रिक्षा आमच्या दारासमोरून रिकामी गेली. रिक्षावाला भावकीतलाच. त्याने आम्हा मायलेकींकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि मान फिरवली. आम्हाला गाडीत घेतलं असतं तर त्यालाही गावकीचा दंड बसला असता. मग आईने डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर बॅग घेतली आणि आम्ही उतरणीने हायवेकडे चालू लागलो.

तुम्ही सगळ्या आपापल्या दारात होतात. कुणी भांडी घासत होतं, कुणी अंगण झाडत होतं. वाडीतल्या बायांनो, हे मी तुम्हालाच लिहितेय. तुमच्याबरोबर मी भाताच्या आवणीला चिखलात वाकले होते, तुमच्यातल्या तिघीचौघींच्या बाळंतपणात रात्रभर पाणी तापवलं होतं. त्या दिवशी एकीच्याही तोंडून ‘सावकाश जा गो’ निघालं नाही. माझा राग नाही. पण विसरलेही नाही.

खाली रस्त्यावर कशेडी घाटातून उतरणारे ट्रक एकामागून एक जात होते. त्या आवाजात आई काहीतरी बोलली ते मला ऐकू आलं नाही. एसटी थांबली तेव्हा तिने पुन्हा सांगितलं, “जिथं जाशील तिथं कुणाच्या पाया पडू नको. इथं पडून झालंय.” तिला मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. चुंबळ अजून तिच्या डोक्यावर होती, काढायची राहून गेली होती.

घडलं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पण गावकीने सांगितलं तसं ठाऊक आहे, म्हणून माझ्या तोंडून एकदा ऐका. माझा नवरा मुंबईला नोकरीला. शेजारच्या वाडीतल्या त्याच्या घरी मी पाच-सहा वर्षं भात लावलं, कापलं, झोडलं, सासूचं दुखणं काढलं. तो शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. मग यायचा बंद झाला, आणि कळलं की तिकडे त्याचा दुसरा संसार आहे, मूलही आहे. मी माहेरी आले आणि फारकत मागितली. वडील आधीच वारले होते, म्हणून दादा माझ्यासाठी गावकीपुढे उभा राहिला.

गावकी देवीच्या देवळात बसली. गावकी बसली की बाईने देवळाची पायरी चढायची नाही, म्हणून मी खाली फणसाजवळ उभी होते. माझ्याच संसाराचं बोलणं चाललं होतं आणि मला ते तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. शेवटी एका जाणत्या माणसाने बाहेर येऊन निकाल सांगितला, तोही माझ्याकडे न बघता, फणसाकडे बघून. पुरुष आहे, चुकतो. बाईमाणसाने जुळवून घ्यावं, सासरी जाऊन सासूला बघावं. मोडतोड देवीला चालत नाही.

घरी येताना मी आईला विचारलं की देवी तर गाभाऱ्यात एकटीच उभी आहे, तिचा नवरा कुणी पाहिलाय? तिला कसं चालतं?

आई म्हणाली, “ती दगडाची हाय म्हणून खपतंय.”

मी महाडला जाऊन कोर्टात अर्ज केला. गावकी सोडून कोर्टात जाणं हा गुन्हा ठरला आणि आमचं घर वाळीत पडलं. दुकानात मीठ मिळेना, आवणीला माणूस मिळेना. शिमग्यात देवीची पालखी प्रत्येक दारी थांबली आणि आमच्या दारावरून पुढे गेली. आईने ओटीचं ताट भरून ठेवलं होतं. ते हातात धरून ती ढोलांचा आवाज पार लांब जाईपर्यंत उंबऱ्यात उभी होती. असं वाळीत टाकणाऱ्यांना कायद्याने शिक्षा आहे, पोलिसात जा, असं वकील म्हणाले. गेलेही असते. पण आईला त्याच वाडीत राहायचं होतं, त्याच विहिरीवर पाणी भरायचं होतं. ती म्हणाली, तू जा, मी हाय. दादा तोवर मुंबईला आपल्या बायकोमुलीकडे परतला होता आणि फोनवर तुटक बोलू लागला होता.

महाडच्या एका दवाखान्यात मी आया म्हणून लागले, तिथून आजारी माणसाची शुश्रूषा शिकायला मुंबईला गेले, आणि एका एजंटाने मला इस्राएलला पाठवलं. इथे आमच्यासारखीला ‘मेतापेलेत’ म्हणतात, म्हणजे सांभाळणारी. विमानात मी मनाशी एकच म्हणत होते, की ज्या देशात बायका सैन्यात जातात तिथे फणसाखाली उभं राहावं लागणार नाही.

लोद गावात तिसऱ्या मजल्यावर एका म्हातारीच्या घरी मला सोडलं. चाकाच्या खुर्चीत बसलेली, अंगात फुलाफुलांचा गाऊन, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कुठली गो तू?”

इतक्या लांब मराठी ऐकून मी बॅग खाली ठेवली. पोलादपूरची, म्हटलं. ती हसली. या रिबकामावशी. आपल्या रायगडातल्याच ज्यू, ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत. वडिलांचा तेलाचा घाणा होता, बैलाला शनिवारी सुट्टी. वडील होडीतून दासगावच्या बंदराला तेल घेऊन यायचे, आणि महाडच्या बाजारात स्वतः मावशींनी पहिल्यांदा काचेच्या बांगड्या घेतल्या होत्या, असं त्या सांगत. वयाच्या अठराव्या वर्षी इथे आल्या, पुन्हा गेल्या नाहीत. पण बोलणं जसंच्या तसं राहिलेलं, ‘हाय’ आणि ‘नाय’सकट. मुलीशी हिब्रूत, माझ्याशी आपल्या बोलीत, देवाशी मात्र मराठीतच, कारण लहानपणी त्यांच्या देवाच्या गोष्टी त्यांनी मराठी कीर्तनातून ऐकल्या होत्या.

त्या घरातले नियम मी शिकले. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. शनिवारी दिवा लावायचा नाही, आणि मला लाव म्हणून सांगायचंही नाही. मग मावशी नुसतं म्हणायच्या, “अंधार झाला गो.” मी उठून बटण दाबायची. त्यांच्या प्रार्थनामंदिरात पुरुष खाली पुस्तकं घेऊन बसतात आणि बायका वर सज्जात, जाळीमागे. मी त्यांना लिफ्टने वर न्यायची. जाळीतून खालची टोपी घातलेली डोकी तेवढी दिसायची. विटाळ हा शब्दसुद्धा त्यांच्याकडे होता. मी म्हटलं, मावशी, आमच्यात बाहेर बसवतात. त्या म्हणाल्या, आमच्यात शास्त्रात लिहून ठेवलंय, तुमचं निदान तोंडी तरी हाय.

दुपारी पाय चेपताना त्या बायबलातल्या बायकांच्या गोष्टी सांगायच्या. बायबल म्हटलं की रागवायच्या. ते नाव दुसऱ्यांचं, आमचं तनाख, म्हणायच्या. साराला मूल होईना म्हणून तिने आपली दासी हागार नवऱ्याला दिली, आणि पुढे स्वतःला मुलगा झाल्यावर तिलाच पोरासकट वाळवंटात हाकलायला लावलं. बरोबर भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी. मी विचारलं की सारा बाईच ना, तिला काही वाटलं नाही? मावशींनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाल्या की साराला ऱ्हायचं व्हतं त्या घरात. तेव्हा मला तुम्ही सगळ्या आठवलात, आपापल्या दारातल्या.

मावशींची एकुलती एक मुलगी यायेल. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वतः गाडी चालवणारी, तरुणपणी सैन्यात राहिलेली. तिचा नवरा दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईबरोबर राहत होता, पण सोडचिठ्ठी देत नव्हता. इथे लग्न आणि काडीमोड धर्माच्या कोर्टात. नवऱ्याने स्वतःच्या हाताने बायकोच्या हातात ‘गेट’ नावाचा कागद ठेवायचा, तरच ती सुटली. नाही ठेवला तर ती ‘अगुना’, म्हणजे बांधलेली. त्याचं चाललंय ते चालतं. तिने दुसरं लग्न केलं आणि मूल झालं तर त्या पोराला पिढ्यान्‌पिढ्या डाग. हे मला समजायला खूप दिवस लागले. समजलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन खाली फरशीवर बसले. एवढा समुद्र ओलांडून मी कुठे आले होते?

एका तारखेला मावशी हट्टाने कोर्टात आल्या. मी खुर्ची ढकलत नेली. आत तीन दाढीवाले न्यायाधीश, यायेलला बोलावलं आणि दार बंद झालं. मावशींना दोन शब्द बोलायचे होते. ते त्यांनी घरी तोंडपाठ केले होते, आरशासमोर. दारावरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की गरज नाही. आम्ही बाकाशी थांबलो. यायेल बाहेर आली आणि सांगू लागली. नवरा म्हणतो घर माझ्या नावावर कर, मग देतो. आणि न्यायाधीशांनी तिला विचारलं, घरातल्या शांततेसाठी अजून थोडं जुळवून घेता येईल का. हे ती हिब्रूत म्हणाली. मला ते माझ्या वाडीच्या भाषेतच ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मावशींनी इफ्ताहच्या मुलीची गोष्ट सांगितली. इफ्ताहने लढाईआधी देवाला नवस बोलला की जिंकून आलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला अर्पण करीन. सामोरी आली त्याची पोर, डफ वाजवत, नाचत. बापाने कपडे फाडले, पण शब्द मोडला नाही. मी म्हटलं, आणि देवाने थांबवलं नाही? मावशी म्हणाल्या, “साराच्या पोरग्याला बाप बळी द्यायला निघाला, त्या वेळी थांबवला व्हता. हिच्या वेळी नाय.” मी तिचं नाव विचारलं. नाव लिहिलेलंच नाही, म्हणाल्या. इफ्ताहचं आहे, त्याच्या गावाचं आहे. तिचं नाही.

इकडे दर रविवारी आईचा फोन. ती कधी तक्रार करायची नाही. यंदा खालचं खाचर ओसाड ठेवलं, एकटीने होत नाही, एवढंच. माझ्या अर्जाच्या तारखा महाडला पडत होत्या आणि मी नव्हते. अर्जदार हजर नाही म्हणून तो निकाली काढला, असं वकिलांनी कळवलं. म्हणजे मी अजून त्याचीच बायको. ही बातमी मी यायेलला सांगितली. तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि शेजारी बसून राहिली. 

पावसाळ्यात आई गेली. ताप अंगावर काढला होता. तुमच्यापैकी कुणाला तरी सकाळी तिच्या घरातून धूर दिसला नाही म्हणून कळलं. दादा मुंबईहून निघाला, पोचायला दुपार झाली. आईला उचलायला वाडीतला एकही पुरुष येईना. दादा देवळात गेला, गावकीपुढे नारळ ठेवला, माफी मागितली आणि शब्द दिला की बहिणीशी या घराचा संबंध उरला नाही. ती परत येणार नाही, आली तर उंबरा ओलांडणार नाही. मग चार खांदे मिळाले.

हे त्याने मला तेराव्यानंतर सांगितलं. पुढे तो म्हणाला, “मी काय करू, संगे? आईला तशीच ठेवू? आणि मला पोरगी उजवायची हाय. वाळीतल्या घरातली पोरगी कोण करतं?” त्याचा आवाज रडवेला होता.   आईला खांदा देणारे त्या दिवशी देवळात मला घरातून तोडून मगच आले होते.

आई गेल्याचं कळलं त्याच दिवशी रिबकामावशी खुर्चीतून उतरवायला सांगून ठेंगण्या स्टुलावर बसल्या. कात्री मागवली आणि गाऊनच्या गळ्याला छेद देऊन तो हाताने फाडला, जसा त्यांच्यात जवळचं माणूस गेल्यावर फाडतात. यायेल म्हणाली की परक्या धर्माच्या माणसासाठी असं करत नाहीत.  तरी सात दिवस मावशी खालीच बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. त्यांना मुलगा नाही. आपण गेल्यावर आपल्या नावाची प्रार्थना म्हणायला पुरुष कोण मिळणार, ही काळजी त्यांना आहे. ते ऐकून मी म्हटलं, मावशी, मी म्हणते. त्या म्हणाल्या की पोटच्या पोरीला म्हणू देत नाहीत गो, तुला कोण देईल.

आता मावशी फारशा बोलत नाहीत. कधी मला यायेल समजतात, कधी स्वतःची आई. त्या गेल्या की मला दुसऱ्या घरी काम मिळेल किंवा हा देश सोडावा लागेल. यायेल अजून बांधलेलीच आहे. ती घर द्यायला तयार झाली तेव्हा नवऱ्याने आणखी काही मागितलं.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीचा, प्रणालीचा, फोन आला, बापाला न सांगता केलेला. मी निघाले तेव्हा ती शाळेत होती. आता तिचं लग्न ठरलंय, मुलगा पलीकडच्या वाडीतला, मुंबईत नोकरीला. सुपारी फोडायला देवळात सगळे बसले तेव्हा तीही खाली उभी होती म्हणे. मुलगा बरा वाटतो का, असं तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिने मलाच विचारलं की बरा असेल ना. मी म्हटलं, असेल.

मग ती म्हणाली, “आत्या, पुढं काय बिनसलं तर मी कुठं येऊ?”

बापाकडे ये म्हणून सांगता येत नव्हतं; त्याने देवळात काय शब्द दिलाय ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. माझ्याकडे ये म्हणावं, तर मी ज्या खोलीत उभी होते ती मावशींची होती, माझी फक्त कोपऱ्यातली खाट, तीही त्या आहेत तोवर. घर म्हणून मला आता दुसरं काही नको. एखाद्या पोरीला ‘ये’ म्हणता येईल एवढी जागा हवी, आणि तेवढी पृथ्वीवर कुठेही माझी नाही.

ती थांबली होती. पलीकडून मुंबईच्या घरातला कुकरचा आवाज येत होता. 

“ठेवते गो आत्या,” ती हळूच म्हणाली, “आई आली.”