गाडीच्या पोटात गाडी

हे सिद्धेश्वरा, लातूरच्या राखणदारा, तुझ्या पायरीवर मस्तक ठेवून तोंड उघडतो. तू ज्याच्या पाठीवर ओझे देतोस त्याच्या गुडघ्यांत बळही घालतोस. पण दयाघना, कधी कधी तू आधी माणसाच्या पायांखालची जमीन काढून घेतोस आणि मग त्याला उभे राहायला सांगतोस. तुझ्या या उफराट्या कृपेची कथा आज सांगायची आहे. ती कोणा राजाची नाही, कोणा सिद्धपुरुषाचीही नाही. लातूरच्या डाळमिलीत ज्यांच्या खांद्याला घट्टे पडले, त्या वैजनाथ दगडोबा बिरादार यांची ती कथा आहे. वाणी तुझी, चूकभूल माझी.

वैजनाथ मूळचे निलंगा तालुक्यातले. सतराव्या वर्षी एस.टी.ने लातूरला आले आणि डाळमिलीत हमालीला लागले. पन्नास किलोचे पोते, म्हणजे कट्टा, पाठीवर घ्यायचा, फळीवरून चढायचे, गाडी भरायची. पुढे ते ड्रायव्हर झाले, स्वतःचा टेम्पो घेतला, आणि आता अर्धापूरची केळी लातूरच्या बाजारात आणतात. पण बाजारात त्यांची ओळख टेम्पोमुळे नाही, नजरेमुळे आहे. रिकामी गाडी एकदा पाहिली, की तिच्यात किती कट्टे बसतील हे ते उभ्या उभ्या सांगतात, आणि भरून पाहिले तर एकाचाही फरक पडत नाही. मोठमोठे आडते गाडी ठरवण्याआधी त्यांना बोलावून घेतात. नाकासमोर चालणारा, सकाळी कपाळाला भस्म लावल्याशिवाय किल्लीला हात न लावणारा असा हा माणूस.

त्यांची थोरली लेक शिवांगी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून वर्षभर खपून एक गाडी तयार केली होती. रस्त्यावर चालणारी नव्हे, केवळ शर्यतीच्या धावपट्टीवर पळणारी. लांबी नऊ फूट, रुंदी साडेचार फूट, वजन अडीच क्विंटलाच्या आत, बसायला एकच माणूस, डोक्यावर छप्पर नाही, आणि पोट जमिनीपासून जेमतेम तीन बोटे वर. हैदराबादच्या पलीकडे एका धावपट्टीवर कॉलेजांची शर्यत होती. शुक्रवारी सकाळी आठ वाजता गाड्यांची तपासणी सुरू होणार आणि फाटक बंद होणार. जो पोचला नाही तो बाद. शिवांगीचे हे शेवटचे वर्ष. तिला पुढची संधी नव्हती.

मागल्या वर्षी कॉलेजची गाडी उघड्या ट्रॉलीवरून नेली होती. धूळ शिरली, वायरी हलल्या, गाडी धावलीच नाही. म्हणून यंदा बंद व्हॅन हवी होती. टीमचा पुढारी संगमेश हैदराबादहून गाडी मागवू म्हणत होता. तेव्हा शिवांगी त्याला म्हणाली, "गाडी भरणं माझ्या आप्पांइतकं कुणाला कळत नाही. व्हॅन तेच निवडतील."

हे वाक्य वैजनाथांच्या कानावर आले आणि या माणसाला रस्त्यात उभे राहून डोळे पुसावे लागले. लेकीच्या विद्येला आपली विद्या उपयोगी पडणार, याहून मोठा प्रसाद कोणता? तिच्याकडे ब्रेकचे काम आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. चालवणार कोण, असे त्यांनी एकदा विचारले होते. टीममधलेच कुणीतरी, असे उत्तर मिळाले. त्यांनी मनात संगमेशला बसवून टाकले आणि पुन्हा विचारले नाही.

डिसेंबरात ते नांदेडला गेले, खिशातून सुतळी काढली, लेकीच्या गाडीची लांबी, रुंदी, उंची घेतली आणि तीन गाठी मारल्या. मग लातुरात व्हॅनचा शोध सुरू झाला. पहिली पाहिली ती मालवाहू कंटेनरची गाडी. ऐसपैस होती, पण तिची फरशी छातीइतकी उंच. तिथवर फळ्या लावल्या तर चढ इतका उभा होणार, की गाडीचे पोट कडेला घासलेच म्हणून समजा. ती नको. दुसरी शाळेच्या मुलांची व्हॅन, आसने काढलेली. पण दार बाजूला, आणि आसनांचे बोल्ट फरशीतून वर आलेले. तीही नको. तिसरी होती शिवकुमार यांची. शिवकुमार यांची बेकरी आहे, आणि पाव-खारी गावोगाव पोचवायला त्यांनी लांबट पांढरी व्हॅन ठेवलेली. फरशी बुटकी, मागे दोन पाखांचे रुंद दार, आत ना खडखड ना गळती. वैजनाथ आत शिरले, उताणे झोपून छताचे सांधे पाहिले, सुतळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली. गाठ बसली, वर हातभर जागा उरली.

शिवकुमार दारात उभे राहून गंमत पाहत होते. "वैजनाथआप्पा, एवढं निरखून तर मी बायकोबी बघितली नव्हती," ते म्हणाले.

"म्हणूनच आता ती तुमाला रोज निरखतीय," वैजनाथ आतून म्हणाले, आणि व्हॅन ठरली.

गुरुवारी पहाटे पूजा करून, व्हॅनच्या काचेला बेलाचे पान लावून ते निघाले आणि दहाच्या आत नांदेडला पोचले. कॉलेजच्या कार्यशाळेसमोर अठरा मुलेमुली जमलेली. फळ्या लागल्या, लाल रंगाची ती चिमुकली गाडी हळूहळू वर सरकली. पुढची चाके आत गेली. निम्मी गाडी आत गेली. आणि मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बारीकसा टक आवाज झाला आणि गाडी थांबली.

पुन्हा लोटली. पुन्हा टक.

वैजनाथ वाकले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. व्हॅनची मागची चाके जिथे असतात, तिथे फरशीवर दोन्हीकडून पत्र्याची दोन खोकी वर आलेली असतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत व्हॅन पुरेशी रुंद होती, पण त्या दोन खोक्यांमध्ये जेमतेम चार फूट जागा. श्रोतेहो, ही खोकी त्यांनी पाहिली नव्हती असे नाही. आयुष्यभर पाहिली होती. पण कट्टा त्या खोक्यावर अलगद बसतो, त्याच्या अंगाने वळतो, सामावून जातो. हमालाच्या हिशेबात ते खोके कधी धरलेच जात नाही. ज्या नजरेवर अख्खा बाजार विसंबतो, ती नजर आपल्याच सवयीने आंधळी झाली होती, आणि तीही लेकीच्या कामात.

संगमेशने गाडी मागे घ्या म्हणून खूण केली. गाडी उतरू लागली तसा वैजनाथांनी तिच्या कुशीला हात लावला, आणि हाताखाली त्यांना एक नवी चिकटपट्टी दिसली. डिसेंबरात ती नव्हती. इंग्रजी अक्षरे होती. सातवीपर्यंत शिकलेला हा बाप एकेक अक्षर जोडत गेला. शिवांगी. वैजनाथ. बिरादार. आणि पुढे, बी पॉझिटिव्ह.

त्यांना वाटले आपण चुकीचे वाचले. त्यांनी पुन्हा अक्षरे जोडली. नाव तेच निघाले.

"हे रगत कशापायी लिवलंय?" त्यांनी विचारले.

शिवांगी पुढे आली. "नियम आहे, आप्पा. जो चालवतो त्याचं नाव आणि रक्तगट लिहावा लागतो. समजा काही झालं अन् त्याला बोलता येत नसलं, तर डॉक्टरला..." तिने वाक्य पुरे केले नाही. "सांगणारच होते मी."

हे शंभो! तळहाताच्या फोडासारखी जपलेली पोर, जिला ताप आला तर हा माणूस केळीची गाडी सोडून घरी धावे, तिचे रक्त कोणते हे आज पत्र्यावर लिहिलेले होते, अनोळखी माणसांना वाचता यावे म्हणून. वैजनाथ शांतपणे चालत गेले आणि त्यांनी व्हॅनची दोन्ही पाखे लावून घेतली.

"गाडी जाणार न्हाई," ते म्हणाले.

कार्यशाळेच्या भिंतीकडे जाऊन त्यांनी घरी फोन लावला. पत्नी सिंधुबाई पलीकडून बोलल्या आणि त्यांच्या बोलण्याने वैजनाथांना आणखी एक हादरा बसला.

"हाव, ठावं हाय मला. दिवाळीपासून. संमतीच्या कागदावर सही बी मीच केली."

"अन् मला?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी व्हॅन बघायलाच गेला नसता."

हे खोटे नव्हते. त्यांनी विचारले की आता मी काय करू. सिंधुबाई म्हणाल्या, "मला भ्या वाटत न्हाई असं समजू नका. मी तिला एकच इचारलं हुतं, आग लागली तर निघशील कशी. तुमीबी तेच इचारा. तिचं उत्तर बघा, मग काय करायचं ते करा."

वैजनाथ परत आले. त्यांनी लेकीला विचारले. तिने सांगितले की तपासणीतच ते पाहतात. पट्टे बांधून बसायचे, खूण झाली की पाच सेकंदांत पट्टे सोडून, स्टिअरिंग काढून गाडीबाहेर दोन्ही पायांवर उभे राहायचे. जमले नाही तर चालवू देत नाहीत.

"बस," ते म्हणाले. "बांध पट्टे."

संगमेशने घड्याळ काढायला खिशात हात घातला. वैजनाथांनी मान हलवली. डोळे मिटले, हात जोडले आणि पंचाक्षरी मंत्र एकेक अक्षर सुटे करून म्हणायला सुरुवात केली. न... मः... शि... वा... य. डोळे उघडले तर शिवांगीचा एक पाय अजून आतच अडकलेला.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. सगळ्यांना वाटले, संपले. पण त्यांनी तिला धरून ओढले नाही. ते म्हणाले, "पुन्यांदा."

दुसऱ्या वेळी 'य' उच्चारता उच्चारता ती बाहेर आली. "पुन्यांदा." तिसऱ्या वेळी 'वा' पुरे होण्याआधी ती त्यांच्यासमोर उभी होती, धापा टाकत, कपाळावर घाम. चौथ्या वेळी तसेच. पाचव्या वेळीही तसेच. बाप मंत्र म्हणत होता आणि लेक अग्नीतून निघत होती, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, आणि बघणाऱ्या पोरापोरींच्या अंगावर काटा उभा राहत होता.

सहाव्यांदा त्यांनी मंत्र म्हटलाच नाही. ते व्हॅनकडे वळले, पाखे उघडली आणि त्या दोन खोक्यांकडे पाहत उभे राहिले. मग संगमेशला म्हणाले, "सुतारकामाच्या फळ्या गोळा कर. मी अर्धापुराहून येतो."

दीड तासात ते परतले तेव्हा व्हॅनमध्ये केळीचे प्लॅस्टिकचे क्रेट होते, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेले. ते त्यांनी फरशीवर पालथे मांडले, अगदी खोक्यांच्या माथ्याच्या वर येतील असे. त्यांवर फळ्या, फळ्यांवर दोर. खोक्याच्या वर दुसरी फरशी तयार झाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पण आता उंची वाढली होती, फळ्यांवरून चढवणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी आठ जणांना रांगेत उभे केले आणि उचलायला शिकवले. पाठ वाकवायची नाही, गुडघा वाकवायचा. श्वास एकत्र घ्यायचा. ओझ्याकडे बघायचे नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. त्यांनी हाक दिली, आठ जणांनी साद दिली, आणि ती लाल गाडी पालखीसारखी उचलली गेली आणि व्हॅनच्या पोटात जाऊन बसली. अंगाला ओरखडा नाही. छताखाली चार बोटे जागा उरली.

देगलूरच्या रस्त्याने ते दुपारी निघाले. शुक्रवारी सकाळी सात वाजता फाटकाशी सगळ्यांत पहिली त्यांची पांढरी व्हॅन उभी होती. तपासणी करणाऱ्या माणसाने घड्याळ दाबले, शिवांगी बाहेर आली, त्याने कागदावर खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. इतके साधे.

शनिवारी वैजनाथ जाळीला धरून उभे होते. लेकीला त्यांनी तोवर स्कुटीवर पाहिले होते, तेही बाजारातून भाजी आणताना. आता जे समोरून गेले ते त्यांच्या डोळ्यांना पकडता आले नाही, फक्त कानांना कळले. वळणावर मागचे चाक सरकले. जाळीच्या तारा त्यांच्या बोटांत रुतल्या. चाक सावरले. बारा फेऱ्या झाल्या. नंबर आला एकोणिसावा. शिवांगीने हेल्मेट काढले, केस कपाळाला चिकटलेले, आणि म्हणाली, "आप्पा, पाणी."

त्यांनी बाटली पुढे केली. तिने ती घाईने तोंडाला लावली, पाणी गळ्यावर सांडले, आणि दोघेही हसले.

हे सिद्धेश्वरा, या बापाच्या नजरेला आयुष्य दे आणि चुकली तर सावरायला हातही दे. या लेकीच्या वेगाला तुझ्या कृपेचा पट्टा बांध. सही करणाऱ्या त्या माउलीच्या पोटातले भय तू आपल्या पदरात घे. या घराची चूल पेटती राहो, देव्हाऱ्यातला दिवा तेवता राहो, आणि या उंबऱ्यातून जो जो बाहेर पडेल, तो तो सुखरूप परत येवो.