मीताचं नाव

टेकबहादूर कार्की माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या अंगात नरबहादूरचं जुनं जाकीट होतं. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रनमध्ये त्या आठवड्यात इतका बर्फ पडला होता, की दुकानाचं दार उघडायला मला फावडं घ्यावं लागलं होतं.

"दिदी, गुंद्रुक आहे का?" त्याने विचारलं.

मी मान वर केली आणि ओरडलेच, "अरे मेल्या, टेक! आलास का शेवटी?"

"आलो दिदी. मीतज्यूंनी बोलावलं, आलो."

मी धनमाया. नॉर्थ हिलवर माझं किराणा दुकान आहे. मोहरीचं तेल, चिवडा, गुंद्रुकच्या आंबट वाळक्या भाजीची पाकिटं, सगळं मिळतं. माझ्या तोंडाला लोक भितात असं ऐकते. भिऊ देत. टेकला मी तो एवढासा होता तेव्हापासून ओळखते. नेपाळी बोलतो म्हणून भूतानमधून आम्हाला हाकललं, नेपाळात नदीकाठी आणून टाकलं, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात जुलाबांनी माणसं पटापट गेली. त्यात टेकची आई गेली. बाप आधीच नव्हता. बेलडांगीच्या छावणीत बांबूच्या झोपड्या मिळाल्या तेव्हा माझ्या एका बाजूला हा एकटा पोरगा आणि दुसऱ्या बाजूला नरबहादूर बस्नेत आणि त्याची आई.

ती बाई म्हणजे बाईच होती. रेशनच्या तांदळात तीन तोंडं भागवायची आणि वर म्हणायची, मला भूक नाही. एक दिवस तिने ठरवलं, या दोघांना मीत करायचं. "म्हणजे हासुद्धा माझाच मुलगा होईल. मग कोणी काही बोलायचं काम नाही," असं म्हणाली.

आता मीत म्हणजे मित्र नव्हे. मित्र काय, बसस्टॉपवरही होतात. मीत विधीने करावा लागतो, त्याला मितेरी म्हणतात. ब्राह्मण बसतो, टिळा लागतो, दोघे टोप्यांची अदलाबदल करतात. त्या दिवसापासून त्याची आई ती तुमची आई, मीतआमा, त्याचं सुतक ते तुमचं सुतक, त्याची मुलं ती तुमच्या मुलांची सख्खी भावंडं. आणि मीताचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. मीतज्यू म्हणायचं, मरेपर्यंत. त्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या गोल सेलरोट्या मीच तळल्या होत्या, म्हणून सांगते. माझ्या डोळ्यांसमोर झालेली गोष्ट आहे.

पुढे दोघांची लग्नं झाली, दोघांना एकेक मूल झालं. टेकची बायको तापात गेली, पदरात पवित्रा राहिली. मग अमेरिका छावणीतल्या लोकांना न्यायला लागली, विमानं सुरू झाली. नरबहादूरने पहिल्याच फेरीत नाव दिलं. आणि त्याची आई अडून बसली. "मी जाईन तर माझ्या शेतावर भूतानला परत, नाहीतर इथेच मरेन. त्या बर्फात माझं काय आहे?" समोर बस उभी, बायको मुलाला घेऊन चढलेली, आणि म्हातारी खांबाला धरून बसलेली. नरबहादूर टेकच्या गळ्यात पडून रडला. "मीतज्यू, आता आई तुमची. तिचं मन वळलं की दोघांना बोलावून घेतो." आणि गेला बसमध्ये.

म्हातारीचं मन काही वळलं नाही. टेकचा नंबर लागला, त्याने सोडला. परत लागला, परत सोडला. "मीतआमाला टाकून कसा जाऊ?" मीही माझा नंबर आला तशी निघून आले. छावणी रिकामी होत गेली, हा तिथेच. शेवटी म्हातारी अंथरुणाला खिळली. हगणं-मुतणंसुद्धा यानेच काढलं. ती गेली तेव्हा रतुवा नदीच्या काठावर अग्नी यानेच दिला, डोकं भादरलं, वर्षभर पांढरे कपडे घातले. इकडे नरबहादूरने कामावरून रजा मिळत नाही म्हणून फोनवर विधी बघितला. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं.

असा हा टेक, सगळ्यांच्या शेवटी, वयात आलेल्या पोरीला घेऊन ॲक्रनला उतरला. विमानतळावर त्याचा मीत आला होता हे खरं. हार आणला होता, जाकीट आणलं होतं. घरी नेलं आणि तळघरातली खोली दिली. वर तीन खोल्या रिकाम्या. मी म्हटलं, "काय रे, तळघरात?" तर टेक म्हणतो, "उबदार आहे दिदी. पाणी तापवायचं यंत्र शेजारीच आहे."

त्याला चादरी धुण्याच्या कारखान्यात काम लागलं. इस्पितळांच्या चादरी येतात तिथे, ढिगांनी. बोलणी करायला मीच गेले होते सोबत. तिथल्या बाईने विचारलं, कोणाच्या घरी राहतोस? मी ते त्याला आपल्या भाषेत सांगितलं. हा गप्प. बाईने परत विचारलं. हा जमिनीकडे बघतोय, कान लाल झालेले. बाईला वाटलं असणार, माणूस कुठूनतरी पळून आलाय.

"अरे सांग की!" मी म्हटलं.

"दिदी, तुम्हीच घ्या ना नाव. मी कसं घेऊ?"

ओहायोत, चादरींच्या कारखान्यात, परक्या बाईसमोरसुद्धा याच्या तोंडातून मीताचं नाव निघेना! मी हसून हसून बेजार झाले. नाव मीच सांगितलं.

नरबहादूर मात्र हळूहळू इकडचा झाला होता. मंदिराच्या समितीत, समाजाच्या हॉलमध्ये, सगळीकडे पुढे. शेजारचा गोरा एकदा विचारत होता, हे कोण? माझ्यासमोर नरबहादूर म्हणाला, "आमच्या गावाकडचा एक माणूस आहे, थोडे दिवस राहतोय." टेकला तेवढं इंग्रजी तोवर कळायला लागलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो म्हणतो, "मीतज्यूंना इंग्रजीत सगळं समजावायला वेळ कुठे असतो." मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी दोघांनाही चहा विचारला नाही.

पवित्राला म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात काम मिळालं. बस तिथवर जात नव्हती. नरबहादूरचा मुलगा निश्चल, त्यानेच गाडीतून सोडायचं असं ठरलं. नरबहादूरनेच ठरवलं हो! रोज जाताना-येताना एक गाडी, दोन तरुण मुलं, बाहेर बर्फ. लहानपणी ताटातूट झालेली, एकमेकांची तोंडंसुद्धा आठवत नव्हती. व्हायचं ते झालं. पोरं म्हणाली, लग्न करायचं.

टेक माझ्या दुकानात येऊन तांदळाच्या पोत्यावर मटकन बसला. "दिदी, ती भावंडं आहेत हो. मीतआमाने लावलेला टिळा आहे आमच्या कपाळाला."

"पोरगी काय म्हणते?"

"रडते. जेवत नाही. म्हणते, बाबा, तुमची टोपी तुम्ही बदललीत, मी नाही."

त्यात खोटं काय होतं? पोरीचंही बरोबरच होतं. टेकला ते कळत होतं, म्हणून तर जीव पिळवटत होता. एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे जिने त्याला अनाथ राहू दिलं नाही ती बाई. तीन-चार दिवस तो नुसता चादरींच्या घड्या करत होता म्हणे. मग त्याने वाट काढली. पंडितजींकडे जाऊन आला. पंडितजी म्हणाले, हे चालत नाही, पण आईची आज्ञा मागता येईल. दोन्ही मीतांनी एकत्र बसायचं, आईच्या नावाने श्राद्ध करायचं, चारचौघांत कबूल करायचं की आम्ही मीत आहोत, हे नातं मोडून दुसरं जोडतोय, आई, क्षमा कर. प्रायश्चित्त घ्यायचं. मग लग्न लावीन.

टेक नरबहादूरकडे वर गेला, ते माझ्यासमोर. मी त्यांच्याकडे तूप द्यायला गेले होते. नरबहादूरने सगळं ऐकलं, टेकचे दोन्ही हात हातात घेतले. "मीतज्यू, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर करू. आईला बरं वाटेल."

टेकचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! जिन्यावरून उतरताना मला म्हणाला, "बघा दिदी, तुम्ही उगाच त्यांच्यावर रागावता."

शनिवारी हॉल भरला होता. टेक नवीन टोपी घालून, आंघोळ करून, उपाशीपोटी आलेला. श्राद्धाचं सगळं सामान, दर्भ, तीळ, जवाचं पीठ, त्यानेच माझ्या दुकानातून नेलं होतं. पंडितजींनी विचारलं, "नरबहादूर, तू आणि टेकबहादूर, तुमची मितेरी झालेली आहे ना?"

नरबहादूर उभा राहिला. समितीची माणसं पहिल्या रांगेत. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "पंडितजी, मितेरी कसली? पोरवयात छावणीत खेळत होतो. आईने कौतुकाने टिळे लावले असतील. ब्राह्मण नव्हता, विधी नव्हता. लोकांनी उगाच नाव दिलं. त्यासाठी माझ्या मुलाच्या लग्नाला प्रायश्चित्ताचा डाग कशाला?"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "ब्राह्मण नव्हता?" मी उभी राहिले. "हरिप्रसाद उपाध्याय होता! पाच सेलरोट्या खाऊन गेला, मी तळल्या होत्या! खोटारड्या, आणि तुझ्या आईला अग्नी कोणी दिला रे? कोणी डोकं भादरलं?"

"दिदी, शेजारधर्म असतो की," नरबहादूर म्हणाला. अगदी शांतपणे. "मी त्याचे उपकार नाकारत नाही. त्याला घरात जागा दिली ना मी?"

शेजारधर्म! माझ्या अंगाचा भडका उडाला. मी पुढे जाणार, एवढ्यात टेकने माझा पदर धरला. "दिदी, बसा. पाया पडतो, बसा."

पंडितजी टेककडे वळले. "टेकबहादूर, तू सांग. ते म्हणतात मितेरी झालीच नाही. खरं काय?"

अख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता. भिंतीला टेकून पवित्रा उभी होती, ओढणी तोंडात धरून. हा नाही म्हणाला तर लग्न, हो म्हणाला तर पोरीचा बाप खरा आणि मुलाचा बाप खोटा, मग कुठलं लग्न आणि कुठलं काय. टेकने पोरीकडे बघितलं. नरबहादूरकडे बघितलं नाही.

"ते म्हणतात तसंच असेल," तो म्हणाला.

आणि खाली बसला. मी त्याच्या शेजारीच होते. श्राद्धाचं सामान तसंच बांधलेलं राहिलं. नंतर ते त्याने मला परत आणून दिलं. मी म्हटलं, "का रे असं केलंस? का सोडलंस त्याला?"

"पोर सुखी होईल, दिदी," तो म्हणाला. मग त्या सामानाकडे बघत म्हणाला, "पण मी परका होतो तर मीतआमाने मला कशाला पोसलं असेल?" आणि तिथेच, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, हुंदके देऊन रडला. लहानपणी सख्खी आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्याने तळघर सोडलं. माझ्या दुकानाच्या वरची खोली मी त्याला दिली. जाकीट धुऊन, घडी घालून, नरबहादूरच्या दारात ठेवून आला. घडी मात्र कारखान्यातल्यासारखी, कोपऱ्याला कोपरा.

लग्न चैत्रानंतर झालं, त्याच हॉलमध्ये. आमच्यात नवरदेवाची वरात मुलीकडे येते आणि मुलीचा बाप दारात उभा राहून स्वागत करतो. टेक दारात उभा होता, दोन्ही हातांत झेंडूची माळ घेऊन. मी मागे, टिळ्याचं ताट घेऊन. बँड वाजवत वरात आली. सगळ्यात पुढे नरबहादूर, सुटाबुटात, खुशीत. काम फत्ते झालं होतं ना. आता त्याला प्रेमाचा उमाळा आला. सगळ्यांसमोर त्याने हात पसरले. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

"मीतज्यू!" तो म्हणाला. "आज आपण खरे एक झालो, मीतज्यू!"

मला वाटलं, टेक विरघळला. तसाच आहे तो. नाहीतर व्याह्याला म्हणतात तसं सम्धीज्यू तरी म्हणेल. टेकने त्याच्या गळ्यात माळ घातली. नीट, मानाने. मग दोन पावलं मागे सरकला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात म्हणाला,

"या, नरबहादूर. आत बसा."

बँडवाले वाजवतच होते. नरबहादूरचे हात तसेच पसरलेले राहिले. आमच्या माणसांत ज्यांना कळलं, त्यांनी माना खाली घातल्या. मी ताट पुढे केलं, पण टिळा लावायला त्याने कपाळ वाकवलंच नाही. तो टेककडे बघत होता. टेक तोवर त्याच्या मागच्या पाहुण्याला माळ घालत होता.