उभी रेघ आणि एक

विधान परिषदेच्या त्या जागेसाठी लोक मत देत नाहीत. नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य देतात. सांगली-साताऱ्याची ती निवडणूक बिनविरोध होऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी माझ्या बाबांनी अर्ज भरला. जन्मभर पत्रकं लिहिणारा माणूस. विश्रामबागच्या आमच्या घरात मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवरच अक्षरं गिरवली. अर्जावर सूचक म्हणून सह्या करणारेसुद्धा सगळे टिकणार नाहीत, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांना मत हवं होतं ते धाकट्या बहिणीचं.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची नगरसेविका. तिचे यजमान समोरच्या पॅनेलचे. मतदानाआधी पॅनेलनं सगळ्यांना सहलीला नेलं, मोबाइल काढून घेतले. बस परतली ती थेट मतदान केंद्राच्या दारात. मत गुप्त असतं म्हणे! या निवडणुकीत नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा असतो. तो मराठी, इंग्रजी, रोमन, कसाही चालतो. म्हणून पॅनेलनं प्रत्येक गावाला 'एक' लिहायची वेगळी तऱ्हा वाटून दिली होती, म्हणजे मोजणीत कोण फुटलं ते दिसावं. आत्याच्या गावाला सांगितलं, साहेबांच्या, म्हणजे पॅनेलच्या उमेदवाराच्या, नावापुढे नुसती उभी रेघ ओढा.

मोजणीला मी बाबांच्या शेजारी बसले होते. अधिकाऱ्यांनी बाद मतपत्रिका दाखवायला घेतल्या. एकीवर साहेबांपुढे जांभळी उभी रेघ होती आणि बाबांपुढे मराठी एक. लांब शेपटीचा. लहानपणी पाटीवर बाबांनीच आत्याला तसा गिरवून दिला होता.

उभी रेघ म्हणजे रोमन एक. पहिली पसंती दोघांना, म्हणून मत बाद.

बाबांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

संध्याकाळी आत्या माहेरी आली ती हसतच.

"दादा, किती पडली रं?"

"बोटांवर मोजण्याइतकी."

"त्यात एक माझं हाय बग! त्यांनी रेघ मागितली, रेघ दिली. आकडा मातुर तुझ्याच पुढं लिवला. मला म्हणत्यात, वैनी, चुकू नका हं. लय शाणी समजत्यात सोताला!" हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "मिळालं न्हवं?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मिळालं," ते म्हणाले. "शेपटीवरनं ओळखलं."

ती गेल्यावर मी भांडले. गुप्त मतदानाची ही लूट चव्हाट्यावर आणायला हवी, मी उद्याच पत्रक काढते, म्हटलं. बाबा म्हणाले, "आपलं प्रत्येक पत्रक ती वाचते." एवढंच. खोट्याची चीड बाबांकडूनच घेतलेली मी, त्यांच्या खोट्याला सामील झाले.

त्या दोन आकड्यांची बातमी पॅनेलपर्यंत पोचायची ती पोचलीच. रेघ तिच्या गावची, आणि त्या गावात उमेदवाराची बहीण ती एकटीच. पुढच्या वेळी आत्याचं तिकीट कापलं. घरात यजमानांनी कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. मत मोजलंच गेलं नाही, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही; बाकीच्याचं तिला काही नव्हतं. भाऊबीजेला ओवाळताना ती बायकांना सांगायची, "सगळी साहेबाची झाली. माझं मत मातुर माझ्या भावाला!" बाबा मान खाली घालून ताटातली सुपारी चाचपत राहायचे. एका मतापायी तिनं सगळं घालवलं, आणि ते मत कुणाच्याच गठ्ठ्यात नव्हतं.

या हिवाळ्यात ती गेली. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. बाबा पिंडाजवळ वाकून काहीतरी पुटपुटले. काय ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. परतताना रिक्षात ते म्हणाले, "आता लिही."

मी हे लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकच शब्द खोडला, 'बाद'. त्याच्या जागी दुसरा लिहायला पेन टेकवून बराच वेळ बसले. शब्द सुचला नाही. कागद तसाच माझ्याकडे सरकवून ते आत गेले.

मी तो शब्द पुन्हा लिहिला आहे. खोटं छापायचं नाही, हे त्यांनीच शिकवलंय.