चौकातला फ्लेक्स

पुनमचा नीटचा दुसऱ्या खेपेचा निकाल लागला, तेव्हा मोबाइलवर 'पात्र' असं दिसलं. तेवढ्यावरच तिच्या वडिलांनी, भागवतरावांनी, डोंगरकड्याच्या चौकात फ्लेक्स लावला: तिचा फोटो आणि खाली 'भावी डॉक्टर'. एवढ्या गुणांत एमबीबीएसला कुठंच नंबर लागत नाही, हे कळेपर्यंत गावभर पेढे वाटून झाले होते.

नांदेडला नर्सिंगच्या यादीत मात्र तिचं नाव होतं. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. वेळेत पोचवणारी दहाचीच एक गाडी होती, तिच्यासाठी ती कागदपत्रांची पिशवी घेऊन तयार होती. प्रवेशाला वडिलांची सही लागणार होती, पण भागवतराव ओट्यावरून उठेनात.

"बाबा, मला तिसऱ्यांदा नीट द्यायची न्हाई. फिजिक्सचा पेपर समोर आला की हात गार पडतात."

"लातूरला क्लास लावू, माय. एकच वर्ष."

"मागच्या साली बी एकच म्हणला होता."

"मग फ्लेक्सचं काय करू? आपल्याच हातानं काढू?"

तेवढ्यात शेजारची सखुबाई गोळ्यांची पट्टी घेऊन आली. "डॉक्टरीणबाई, ही जेवणाआधी घेऊ का नंतर?"

"काकू, मी डॉक्टर न्हाई."

"व्हशील की! चौकात लिवलंय नव्हं?"

पुनमनं वडिलांकडं पाहिलं. ते खाली बघत होते. रस्त्यावर दहाच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली.

"जेवल्यावर घ्या," पट्टीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून ती म्हणाली. मग पिशवी खाली ठेवत तिनं विचारलं, "बाबा, वाऱ्यानं फ्लेक्स फाटला तर?"

"तसाच नवा लावू," ते हळूच म्हणाले.