मागावर ठेवलेली टोकं

मुलानं दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवला, तेव्हा मी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून शेवटचं लुगडं कापत होतो. पेठ वडगावच्या गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल, म्हातारा मुद्दाम वेळ काढतोय. काढतच होतो. पण कापड जिथं कापायचं तिथंच कापलं आणि मागाच्या फणीत ओवलेली धाग्यांची टोकं वीतभर तशीच सोडली.

विणकराला हे सांगायला नको, पण आता तुमच्या घरातही सगळे विणकर कुठे राहिलेत! नव्या ताण्याचा एकेक उभा धागा त्या जुन्या टोकाला सांधायचा, म्हणजे माग पुढं चालू राहतो. हे काम माझ्या बायकोचं, शांताचं. बोटांना चुलीतली राख लावून ती धाग्याला धागा असा पिळायची की सांधा हाताला लागत नसे. आमचे आप्पा प्रत्येक लुगडं उतरवताना म्हणायचे, "टोकं ठेव रं. उद्या बसायचं हाय की." आणि ज्याच्या मागं विणणारं कुणी उरलं नाही, त्याच्या मागाची टोकं तेराव्यानंतर कापली जायची. आपल्या गल्लीची रीतच ती.

शांता गेली तेव्हा मागावर तिनं सांधलेला ताणा होता. तो मी जाणूनबुजून रेंगाळत विणला. संपला, तसा मुलगा म्हणाला, आता कळंब्याला माझ्याकडं चला.

इथं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, आरओचं पाणी आहे, सून वेळेवर बीपीची गोळी देते. तक्रार करायला जागा नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. टीव्ही बघता बघता सोफ्याखाली माझे पाय मागाच्या पावड्या शोधतात. शेजारच्या भिंतीत कुणी ड्रिल मारायला लागलं तरी बरं वाटतं, निदान आवाज तरी आहे. संध्याकाळी तळ्यावर फिरायला जातो. कुणी विचारायचं, "पावणं, गाव कंचं?" मी म्हणायचो, "वडगाव. चार दिस आलोय पोराकडं."

दर फोनला वडगावच्या घरात राहणाऱ्या धाकट्या भावाला, महादूला, मी एकच विचारायचो, "टोकं हाईत न्हवं?" तो म्हणायचा, "हाईत की."

मग एकदा त्याचाच फोन आला. त्याच्या सुनेला मागाच्या खोलीत ब्युटी पार्लर काढायचंय, माग काढावा लागंल, येऊन जा. मी एसटीनं निघालो. वाटभर मनात एकच, माग सोडवू, पण फणी टोकांसकट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवू. कधीतरी कुणीतरी बसेल.

पोचलो तर खड्डा मुरमानं बुजवून वर फरशी बसली होती. मागाची लाकडं अंगणात भिंतीला टेकवलेली. महादूनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणी माझ्या हातात दिली. उघडली, तर लख्ख पुसलेली. एक धागा नव्हता.

"टोकं?"

"कापली."

"कुणी?"

"म्याच." तो खाली बघत होता. "अण्णा, सांधणार कोण हाय आता? वहिनी न्हाय, तुझी नजर न्हाय. तू दर फोनला इचारतोस, मी हाईत म्हणतो. लई जड जायाला लागलं रं मला."

"माझं तेरावं तरी होऊ द्यायचं हुतंस," मी म्हणालो.

महादू रडायला लागला. त्याला जवळ घ्यायला हवं होतं, पण माझे हात फणीवरून निघेनात. त्याच्या सुनेनं चहा आणला. तिला काहीच कळलं नाही, आणि तिचं काही चुकलंही नव्हतं. चहा पिऊन मी मुक्कामाला न थांबता निघालो.

फणी इथं कपाटात, माझ्या स्वेटरखाली आहे. महादूवरचा राग आता गेलाय. त्यानं जे केलं ते मला स्वतःला कधीच जमलं नसतं. पण वडगावला फोन लागला की काय विचारायचं ते सुचत नाही. जेवलास का, विचारतो आणि ठेवतो.

परवा तळ्यावर एका नवख्या माणसानं विचारलं, "पावणं, गाव कंचं?"

मी म्हणालो, "हितलाच की."

घरी येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.